कोटीची इलेक्ट्रिक गाडी नागपुरात आणताना: आधी मीटरबॉक्स, मग रस्ता, शेवटी बुकिंग

फोन बहुतेक शनिवारी येतो. "भाऊ, सोमवारी गाडी येऊन राहिली. पार्किंगमध्ये एक पॉइंट मारून द्या ना." गाडी कोटीच्या घरातली, आणि पॉइंट मात्र कूलरला मारतात तसा हवा असतो. मी वायरिंगचा माणूस. घरोघरी चार्जर बसवायचं काम निघाल्यापासून एक गोष्ट सारखी दिसते. लोक सगळं करतात, पण उलट्या क्रमाने करतात. रंग ठरतो, बुकिंग होतं, पेढे वाटून होतात, आणि मग कळतं की घरचा मंजूर भार तीन किलोवॅट आहे, सोसायटीची परवानगी नाही आणि गाडीचं पोट दारातल्या स्पीडब्रेकरला घासतं.

म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. पहिल्या टप्प्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

टप्पा १: बुकिंगच्या आधी मीटरबॉक्स उघडा

घरचा साधा चार्जर सिंगल फेजवर ३२ अँपिअर घेतो, म्हणजे सुमारे ७.४ किलोवॅट. गिझर वीस मिनिटं चालून बंद होतो. चार्जर मात्र सहा-आठ तास एकाच दमात पूर्ण भार ओढतो. वायरिंगची खरी परीक्षा या "एकाच दमात"मध्ये आहे.

आता मे महिन्यातल्या रात्रीचा हिशोब करा. दीड टनाचे दोन एसी मिळून तीन-साडेतीन किलोवॅट, फ्रिज, पंखे, हॉलमधला कूलर, पहाटे पाण्याची मोटर. त्यावर चार्जरचे ७.४. बेरीज अकरा-बारावर जाते. महावितरणचं बिल काढा आणि त्यावरचा मंजूर भार वाचा. जुन्या घरांत तो या बेरजेच्या निम्मासुद्धा नसतो. थ्री फेज आणि भारवाढीचा अर्ज आधी टाका. इलेक्ट्रिक वाहन चार्जिंगसाठी महावितरणकडे वेगळी वर्गवारीही आहे. त्यात वेगळं मीटर घ्यायचं की घरच्याच मीटरवर चालवायचं, हे तुमचं बिल कोणत्या स्लॅबमध्ये जातं ते पाहून ठरवा. घरची गाडी घरच्या जोडणीवर चार्ज करायला हरकत नाही.

मग केबल. ३२ अँपिअरला ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल कागदावर पुरते. पण गच्चीवरून उन्हात तापलेल्या पाइपातून ती नेणार असाल, किंवा मीटरपासून पार्किंग लांब असेल, तर १० चौरस मिलिमीटरच टाका. केबल तापली की तिची वाहून न्यायची ताकद कमी होते, आणि आपल्याकडे एप्रिल ते जून ती तापलेलीच असते. एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) ४० अँपिअरचा आणि चार्जरसाठी स्वतंत्र असावा. एसीच्या एमसीबीवर जोड मारून दिलेले चार्जर मी पाहिलेत. त्यातल्या एका ठिकाणी डब्याचं प्लास्टिक वितळून टपकलं होतं.

आरसीसीबीच्या, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचच्या बाबतीत दुकानदार हमखास चुकीचा माल देतो. बाजारात सहज मिळतो तो 'एसी' नावाच्या प्रकारचा (गार हवेच्या एसीशी संबंध नाही). त्याच्यावर नुसती एक नागमोडी रेघ असते. गाडीच्या चार्जरला किमान ए प्रकारचा लागतो. त्याच्यावर नागमोडी रेघेखाली अर्ध्या लाटांची दुसरी खूण असते. शिवाय चार्जरच्या आत ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखायची सोय असली पाहिजे. ती नसेल तर बी प्रकार घ्यावा लागतो, तो महाग पडतो.

आणि अर्थिंग. या गाड्या अर्थिंगच्या बाबतीत भारी नखरेल असतात. जरा कमी-जास्त वाटलं की चार्जिंग नाकारतात, आणि मालक गाडीला शिव्या देतो. आपली माती काळी आहे. पावसाळ्यात ती ओली असताना अर्थिंग झकास मोजलं जातं. मेमध्ये तीच माती भेगाळते, रॉडपासून सुटते आणि रोधकता चढते. ऑगस्टमध्ये बसवलेला चार्जर मेमध्ये बंद पडतो तो यामुळे. "काहून बंद पडलं, काल तर चालू होतं" याचं उत्तर नव्वद टक्के वेळा अर्थिंगच्या खड्ड्यात असतं.

*तपासा:* पूर्ण भारावर तासभर चार्जिंग चालू ठेवा. मग न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातला व्होल्टेज मोजा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. एमसीबीच्या टोकांना तापमान मोजायची बंदूक लावा. एक टोक दुसऱ्यापेक्षा बरंच गरम असेल तर स्क्रू सैल आहे.

*सावध:* तळघरात चार्जर जमिनीलगत बसवू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउटपासून सीताबर्डीपर्यंत पाणी घुसलं, तेव्हा तळघरांत उभ्या गाड्यांचं काय झालं ते आठवा. नाग नदीच्या काठावरच्या भागात राहत असाल तर चार्जर छातीच्या उंचीवर लावा. पाण्याचा इशारा आला की गाडी आधी वर काढा, टीव्ही नंतर उचला.

फ्लॅटवाल्यांनी सोसायटीचं लेखी ना-हरकत पत्र घ्यावं. अध्यक्षांनी लिफ्टमध्ये मान डोलावली म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं. पत्रात केबलचा मार्ग, मीटर कुठे बसणार आणि खर्च कोण करणार, हे तिन्ही असू द्या.

टप्पा २: माहितीपत्रकातले आकडे उलटे वाचा

शून्य ते शंभर किती सेकंदांत, हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. या गाड्यांत सगळ्यात कमी कामाचा आकडा तोच आहे. बीवायडी सील परफॉर्मन्स २०२४ मध्ये ५३ लाखांना आली, तिचा आकडा ३.८ सेकंद. त्याच वर्षी बीएमडब्ल्यू आय५ एम६० जवळपास १ कोटी २० लाखांना आली, तिचाही आकडा ३.८ सेकंद. म्हणजे वरचे साठ-सत्तर लाख तुम्ही वेगासाठी देत नाही आहात. मग कशासाठी देताय, ते शोधायचं.

माझ्या मते चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, ताकद किती वेळा मिळते. जाहिरातीतली कमाल ताकद बहुधा काही सेकंदांपुरती असते. बॅटरी चांगली भरलेली आणि योग्य तापमानाला असतानाच ती पूर्ण मिळते. बॅटरी तापली किंवा वीस टक्क्यांवर आली की गाडी गुपचूप हात आखडता घेते. थंड करायची यंत्रणा चांगली असेल तर दहावा जोरही पहिल्यासारखाच लागतो. पोर्शे टायकानला मागच्या धुरीवर दोन गिअर दिलेत ते उगाच नाही. पहिला जोर काढायला, दुसरा मोठ्या वेगावर दमदार राहायला.

दुसरी, चार्जिंग. "२७० किलोवॅटपर्यंत" यातल्या "पर्यंत"वर बोट ठेवा. आपल्याकडे ६० किलोवॅटचे दोन गनवाले (गन म्हणजे गाडीत खुपसायचं केबलचं टोक) चार्जर खूप आहेत. दुसऱ्या गनला कुणी गाडी लावली की तुमच्या वाट्याला ३० येतात. सुरुवातीच्या टायकानच्या मोठ्या बॅटरीत वापरण्याजोगी क्षमता ८४ युनिटच्या आसपास. १० ते ८० टक्के म्हणजे ५९ युनिट. पूर्ण ६० मिळाले तर तासभर, वाटून मिळाले तर दोन तास. माहितीपत्रकातली वीस-बावीस मिनिटं विसरा.

८०० व्होल्टच्या गाड्यांत आणखी एक खोच आहे. चार्जर ५०० व्होल्टपर्यंतचाच असेल तर गाडीला आतल्या आत व्होल्टेज वाढवून घ्यावा लागतो. सुरुवातीच्या टायकानमध्ये ही सोय मुळात ५० किलोवॅटपुरती होती आणि १५० ची सोय पर्याय म्हणून मिळायची. जुनी गाडी घेणार असाल तर हा पर्याय टाकलेला आहे का, ते कागद पाहून विचारा.

तिसरी, वजन कसं सांभाळलंय. बीएमडब्ल्यू आय७ किंवा मर्सिडीज ईक्यूएस ५८० या रिकाम्याच अडीच टनांच्या पुढे आहेत. हवेचं सस्पेन्शन, मागची चाकं वळवणं, प्रत्येक धुरीला वेगळी मोटर, हे सगळं ते वजन लपवण्यासाठी आहे. ईक्यूएसची मागची चाकं १० अंशांपर्यंत वळणारी मिळतात, म्हणून एवढं लांब धूड धरमपेठेच्या गल्लीतही वळतं.

चौथी, पल्ला. ईक्यूएस ५८० चा एआरएआय पल्ला (सरकारमान्य चाचणीतला) ८५७ किलोमीटर, बॅटरी १०७.८ युनिटची. भागाकार करा. १०० किलोमीटरला साडेबारा युनिट. अडीच टनांची गाडी, एसी चालू, वेग १२० असताना हा खप निघत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून १२० वर गेलात की सव्वादोन पट. महामार्गासाठी १०० किलोमीटरला २५ युनिट धरून चाला. कमी लागले तर आनंद माना.

टप्पा ३: टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोनला मागा

शोरूमवाले सकाळची वेळ देतात. एसीत उभी, पूर्ण चार्ज केलेली गाडी देतात. तुम्ही उन्हाळ्यातली दुपार मागा. बॅटरी ४०-५० टक्क्यांवर असलेली गाडी मागा. "काय फरक पडते हो त्यानं?" असं म्हणाले तर आग्रह धरा. फरक पडतो म्हणूनच मागायचं.

क्रम असा ठेवा. आधी गाडी बंद करून अर्धा तास उन्हात उभी ठेवा, मग आत बसा आणि एसीला किती वेळ लागतो ते पाहा. काचेचं मोठं छत फोटोत सुंदर दिसतं. नागपुरात ते डोक्यावरचा तवा होतं, त्यामुळे पडदा किंवा काच काळी करायची सोय आहे का ते बघा. मागच्या सीटवर घरातल्या थोरांना बसवा. जमिनीखालच्या बॅटरीमुळे काही गाड्यांत गुडघे वर येतात, आणि ही तक्रार आईच करते, मुलगा करत नाही.

मग गाडी आपल्या घरी न्या. हो, घरीच. तुमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर, गेटचा उतार, तळघराचं वळण यांवरून गाडी नेऊन पाहा. टायकानसारख्या बुटक्या गाडीत उचलायची सोय असेल तर ती चालू करून पाहा. ठरलेली जागा लक्षात ठेवून स्वतः उचलणारी सोय असेल तर उत्तम.

शेवटी आउटर रिंग रोडवर, वेगमर्यादेच्या आत, ४० वरून ८० असा जोर पाच-सहा वेळा लावा. पहिला आणि सहावा सारखा वाटला पाहिजे. मग ब्रेक. साध्या वापरात बहुतेक वेग मोटरच कमी करते, खरे ब्रेक कमीच लागतात. मोटरकडून खऱ्या ब्रेककडे जाताना पायाला पायरी लागल्यासारखं वाटलं तर ते नोंदवून ठेवा. सवय होईल असं सांगतील. काहींना होते, काहींना कधीच होत नाही.

*सावध:* जोर पाहायचा म्हणून वर्धा रोडवर सिग्नलला झेप घेऊ नका. डबलडेकर पुलाखालच्या गर्दीत दुचाकीवाला कुठून येईल याचा नेम नसतो, आणि ही गाडी आवाज न करता अंगावर जाते.

टप्पा ४: कागद

हा भाग पटकन उरकतो. जीएसटी ५ टक्के आहे. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा कर घेतो. तो तुमच्या प्राप्तिकरात वळता होतो, पण रोख जमवताना लोक तो विसरतात. नव्या गाडीला तिसऱ्या पक्षाचा विमा तीन वर्षांचा लागतो. त्यावर शून्य घसारा, बॅटरी आणि पाण्याने होणारं नुकसान यांचं संरक्षण घ्या. टायर-रिमचंही घ्या. २१ इंची रिम आणि आपले खड्डे हे समीकरण महागात जातं.

विक्रेत्याला एकच प्रश्न लेखी विचारा: हाय-व्होल्टेज बॅटरीचं काम नागपुरात होतं का, की गाडी ट्रकवर चढून पुण्या-मुंबईला जाते? जात असेल तर वाहतुकीचा खर्च कोणाचा?

टप्पा ५: ताबा घेताना

उरलेली रक्कम देण्याआधी गाडी दोन ठिकाणी चार्ज करून पाहा. एकदा तुमच्या घरच्या चार्जरवर, एकदा बाहेरच्या डीसी चार्जरवर. दोन्ही ठिकाणी चार्जिंग वीस मिनिटं सलग चालू द्या. हे करणारा माणूस मला क्वचित भेटतो, आणि पुढच्या आठवड्यात येणारे निम्मे फोन याच कारणाने येतात.

चारही टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. बऱ्याच वेगवान गाड्यांत पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे असतात, त्यामुळे ते आपसात फिरवता येत नाहीत. मागची जोडी आधी संपते, तेवढा खर्च धरून ठेवा. जादा भाराची एचएल खूण मूळ टायरवर असेल तर बदलतानाही तीच घ्या. स्टेपनी बहुधा नसतेच. दुरुस्तीचं किट आहे का आणि ओढून न्यायचा हूक कुठे ठेवलाय, ते पाहून घ्या. बंद पडलेली गाडी दोरी लावून ओढायची नाही, सपाट ट्रकवरच न्यायची. ड्रायव्हरला हे आजच सांगा.

हिरवी नंबरप्लेट आली की फास्टॅग चासी नंबरवरून कायम नंबरवर जोडून घ्या. राज्याच्या २०२५ च्या धोरणात समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी आहे, पण नाक्यावरचं यंत्र नोंद पाहून ठरवतं, गाडीचा तोरा पाहून नाही.

टप्पा ६: पहिला उन्हाळा

२३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेलेत. (२०२४ च्या मे अखेरीस एका स्वयंचलित केंद्रावर ५६ आले होते, पण ते यंत्रच बिघडलेलं निघालं. डांबरावर उभ्या गाडीच्या पडद्यावर ५० दिसले तर तेही तसंच समजा.)

बॅटरीला उन्हापेक्षा जास्त त्रास होतो तो ऊन आणि पूर्ण चार्ज या जोडीचा. बहुतेक महागड्या गाड्यांत निकेलवाली बॅटरी असते. तिला रोज ८० टक्क्यांवर थांबवा. शंभर करायचंच असेल तर निघण्याच्या जरा आधी पूर्ण होईल अशी वेळ लावा. सीलसारख्या लोह-फॉस्फेट बॅटरीचा नियम वेगळा आहे. ती अधूनमधून शंभरपर्यंत न्यावी लागते, नाहीतर टक्क्यांचा अंदाज चुकायला लागतो. शेजाऱ्याचा सल्ला ऐकण्याआधी त्याची बॅटरी कोणती आहे ते विचारा.

दुपारी घरी आल्या आल्या गन लावू नका. चार्जिंग रात्री अकरानंतरचं लावा. निघण्याआधी दहा मिनिटं, गन लागलेली असतानाच, एसी चालू करा. म्हणजे गाडी गार करायची वीज भिंतीतून येते, बॅटरीतून जात नाही. नवतपात लग्नाला महिनाभर बाहेरगावी जाणार असाल तर गाडी ५० टक्क्यांवर, सावलीत ठेवून जा.

टप्पा ७: समृद्धीवर पहिली लांब फेरी

नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर. रस्ता सरळ, काँक्रीटचा, मोटारींना १२० ची मर्यादा. रस्ता इतका सोपा आहे की लोक तयारीच करत नाहीत.

टायरची हवा पहाटे, गाडी चालवण्याआधी, थंड असताना भरा. दारावरच्या पट्टीवर पूर्ण भारासाठी आणि मोठ्या वेगासाठी वेगळा आकडा असतो, तोच घ्या. तापमान दर १० अंशांनी वाढलं की दाब दीडेक पीएसआयने चढतो, आणि तो हिशोब कंपनीने धरलेला असतो. वाटेत पडद्यावर दाब वाढलेला पाहून हवा सोडणं ही सगळ्यात धोक्याची चूक. हवा कमी झालेला टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि मग फुटतो. अडीच टनांची गाडी १२० वर असताना ते नको.

आता हिशोब. वापरण्याजोगे ८४ युनिट, १०० किलोमीटरला २५ चा खप. ९० टक्क्यांवर निघून १५ वर थांबायचं, म्हणजे हाताशी ६३ युनिट आणि सुमारे २५० किलोमीटर. हे तुम्हाला मालेगाव (वाशीमकडचं, नाशिकचं नाही)-मेहकरच्या टप्प्यात नेतं. पण पहिला थांबा त्याच्या पन्नास किलोमीटर आधीचा ठरवा. चार्जर बंद निघाला तर पुढच्यापर्यंत पोचायची सोय राहते. समृद्धीवर मधूनच उतरून शेजारच्या गावात जाता येत नाही. इंटरचेंज येईपर्यंत रस्ता सोडायला वाट नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री दोन्ही चार्जरच्या, म्हणजे ठरवलेल्या आणि त्याच्या पुढच्या, कंपन्यांना फोन करा. ॲपमध्ये "उपलब्ध" दिसणं आणि गन चालणं यांत अंतर असतं. दोन-तीन वेगवेगळी ॲप आधीच उतरवून त्यांत पैसे भरून ठेवा. उन्हात, नेटवर्क येत-जात असताना, ओटीपीची वाट पाहणं नको. चार्जरचा पत्ता गाडीच्याच नकाशात टाका, फोनच्या नाही. मग गाडी पोचण्याआधी बॅटरी योग्य तापमानाला आणून ठेवते.

*तपासा:* निघाल्यावर पहिल्या ५० किलोमीटरला किती टक्के गेले ते पाहा. दहा-पंधरा गेले असतील तर सगळं ठीक. वीसच्या आसपास असतील तर वेग १०० वर आणा. वेळ फार जात नाही, पल्ला बराच वाढतो.

चिखलदऱ्याला जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. उतरताना मोटर वीज परत भरते, पण भरायला बॅटरीत जागा हवी. सव्वादोन टनांची गाडी सातशे मीटर उतरते तेव्हा चार-साडेचार युनिटची ऊर्जा कुठेतरी जायला हवी. बॅटरी शंभर टक्के असेल तर ती सगळी ब्रेकवर जाते. वर हॉटेलात चार्जिंग मिळालं तर ८५ ला बंद करा, आणि उतरायला लागण्याआधी मोटरने ब्रेक लावायची पातळी सगळ्यात वर ठेवा.